आधी बसणं मोजा

दरवर्षी प्रवेश आटोपले की आमच्या महाविद्यालयात एक फॉर्म वाटला जातो. उंची, वजन, रक्तगट, चष्मा आहे का, एखादा आजार आहे का, आणि शेवटून दुसरा प्रश्न : 'नियमित व्यायाम करता का? होय / नाही.' मुलं रांगेत उभ्या उभ्याच, पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवून तो भरतात. गठ्ठा कार्यालयात जातो, तिथून कपाटात. त्यातली एक ओळही नंतर कुणी वाचल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी इथे नागपुरात संख्याशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला वारंवारता सारणी शिकवताना पुस्तकातले आकडे बाजूला ठेवले, हाच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या. तास संपल्यावर दोघं जण रेंगाळले. कन्हानकडून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मी 'नाही' लिहिलं. व्यायाम कुठं होते माझ्याच्यानं?" मी तिला दिवस कसा जातो ते विचारलं. पहाटे पाचला उठायचं, नळ आला की पाणी भरायचं, अंगण झाडायचं, आईला डब्याला हातभार लावायचा. मग घरापासून बसथांब्यापर्यंत वीस मिनिटं पायी, संध्याकाळी परत वीस मिनिटं. आठवड्यातले सहा दिवस.

दुसरा मानेवाड्याचा मुलगा. भरलेले खांदे, रोज संध्याकाळी तासभर जिम. त्याने 'होय' लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. "दिवसातून बसतोस किती?" असं विचारलं तर म्हणाला, "दोन-तीन तास असेल सर." आम्ही त्याचा आदला दिवस फळ्यावर मांडला. उठल्यावर चहा-नाश्ता आणि मोबाइल, एक तास. गाडीवर कॉलेज, अर्धा तास. तास आणि प्रॅक्टिकल मिळून साडेचार. सुटल्यावर फुटाळा तलावावर मित्रांसोबत, तेही स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसूनच, एक तास. परतीचा अर्धा तास. रात्री जेवण, मोबाइल, गेम, तीन तास. अभ्यास, एक तास. बेरीज साडेअकरा तास आली. तो फळ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "एवढं होते काऊन सर?"

या दोघांच्या उत्तरांमध्ये माझं सगळं म्हणणं आहे. 'नाही' लिहिणारी दिवसभर पायावर असते आणि 'होय' लिहिणारा जागेपणाचा दोन तृतीयांश वेळ बसलेला असतो. आमचा फॉर्म दोघांनाही उलट्या रकान्यात टाकतो. महाविद्यालयीन मुलांच्या हालचालीची मोजणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण ती 'व्यायाम करता का' इथून सुरू होऊन चालणार नाही. आधी बसणं मोजायला हवं, आणि त्या आकड्याचा जाब मुलांना विचारण्याआधी महाविद्यालयाला विचारायला हवा.

मोजायचं कसं, हे शास्त्र आता बरंच पुढे गेलंय. शांत बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला एक 'मेट' म्हणतात. ३ ते ६ मेटची हालचाल मध्यम, ६ च्या वर गेली की जोराची. आणि जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून दीड मेटपर्यंतच खर्च होत असेल तर तो बैठा वेळ. म्हणजे व्यायाम न करणं आणि बसून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज व्यायाम करणारा माणूसही दिवसभर बसलेला असू शकतो, जसा आमचा मानेवाड्याचा मुलगा.

'आयपॅक' नावाची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. बारा देशांत पडताळणी झाल्यावर २००३ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. छोट्या नमुन्यात सातच प्रश्न आहेत : गेल्या सात दिवसांत जोराचं काम किती दिवस आणि किती वेळ, मध्यम काम किती, चालणं किती, आणि शेवटी, कामाच्या दिवशी साधारण किती वेळ बसता. चालण्याला ३.३ मेट, मध्यम कामाला ४ आणि जोराच्या कामाला ८ असं वजन देऊन मिनिटांशी गुणायचं. कन्हानच्या मुलीचं गणित मी तिच्यासमोरच केलं. रोजची चाळीस मिनिटं, सहा दिवस, २४० मिनिटं, गुणिले ३.३, म्हणजे ७९२. घरकाम धरलेलंसुद्धा नाही. या प्रश्नावलीच्या नियमानुसार ती नुसत्या चालण्यावर 'मध्यम सक्रिय' गटात बसते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे. ती चालायची पटापट, बस चुकू नये म्हणून. तेव्हा त्या मापातही ती बसते. तिला हे आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं, उलट शाळेपासून 'मैदानावर न येणारी' हाच शिक्का.

पण ही प्रश्नावली जशीच्या तशी उचलून आणली तर तीही इथे फसते. 'जोराची शारीरिक क्रिया' असा पाठ्यपुस्तकी अनुवाद केला की मुलांना फक्त जिम आणि क्रिकेट आठवतं. 'धाप लागेल असं काम' म्हटलं, आणि पाण्याची बादली दुसऱ्या मजल्यावर नेणं, कबड्डी, शेतात डवरणी अशी उदाहरणं दिली, की पेन चालायला लागतात. आमच्याकडे काटोल, उमरेड, भिवापूर भागातली मुलं आहेत, सुटीत कापूस वेचायला घरी जाणारी. ते काम त्यांच्या लेखी हालचाल नसतेच, ते नुसतं काम असतं. आणखी एक अडचण हवेची. 'गेल्या सात दिवसांत' हा प्रश्न जानेवारीत विचारला तर एक उत्तर येईल आणि मेअखेरच्या नवतपात विचारला तर दुसरंच. पारा ४५ च्या वर गेला की नागपूर दुपारी दारं लावून घेतं. उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास असतात. एप्रिल-मेमध्ये एकदाच फॉर्म भरून घेऊन 'विद्यार्थी आळशी' असा निष्कर्ष काढणं म्हणजे वैनगंगेची खोली मे महिन्यात मोजण्यासारखं आहे. मोजणी किमान दोनदा हवी, एकदा पावसाळ्याच्या शेवटी आणि एकदा उन्ह तापण्याआधी.

शिवाय माणसं स्वतःबद्दल सांगताना चुकतात. हालचाल वाढवून सांगतात आणि बसणं कमी करून. प्रश्नावलीची उत्तरं यंत्राशी ताडून पाहणाऱ्या बहुतेक अभ्यासांत हेच दिसलंय. यात खोटेपणा नाही. जिमचा एक तास लक्षात राहतो, कारण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. बसणं दिवसभर तुकड्यातुकड्यांत झिरपत राहतं, म्हणून मोजलं जात नाही. आम्ही फळ्यावर केलं तसं कालचा दिवस तासातासाने उलगडून लिहायला लावणं जास्त खरं उतरतं. त्याला एक तास लागतो आणि एक खडू.

मग यंत्रंच का लावू नयेत, असं विचारणारे भेटतात. मोबाइलमध्ये पावलं मोजली जातातच की. ती कशी मोजली जातात, हेही बघायला हवं. वर्गातल्या एका मुलाच्या फोनने हिंगण्याच्या बाजूच्या उखडलेल्या रस्त्यावरून गाडी नेली त्या वेळातही पावलं जमा केली होती. खिशातल्या हादऱ्यांना फोन चालणं समजला. मुलींचे फोन पर्समध्ये असतात, पर्स बाकावर. मनगटाचा पट्टा पोळ्या लाटतानाही पावलं दाखवतो आणि सायकल चालवताना जवळजवळ गप्प बसतो. संशोधक कमरेला लावतात त्या यंत्रालासुद्धा माणूस स्थिर उभा आहे की बसलाय हे नीट कळत नाही. त्यासाठी मांडीवर चिकटवायचं वेगळं यंत्र लागतं, जे मांडी आडवी आहे की उभी हे ओळखतं. आणि दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता. चालणं चांगलंच आहे. पण त्या आकड्यावरून मुलांना पास-नापास करायला कुणाकडे आधार नाही.

वजनाचंही तेच. आमचा फॉर्म उंची-वजन विचारतो आणि थांबतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन या डॉक्टरांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपली हडकुळी दिसणारी मुलंसुद्धा आतून सुरक्षित असतीलच असं नाही, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. आणि इकडे आपण जाड मुलाला रांगेत वजनकाट्यावर उभं करून त्याचा आकडा मोठ्याने वाचतो. मी हे पाहिलं आहे. तो मुलगा त्यानंतर क्रीडा विभागाच्या बाजूला फिरकला नाही.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहितोय, कारण आजार आता पन्नाशीची वाट बघत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे असा आहे. २०२४ मधला जागतिक आढावा सांगतो की २००० साली भारतातले सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, २०२२ मध्ये ते प्रमाण जवळपास ५० टक्क्यांवर गेलं. बायकांमध्ये ५७, पुरुषांमध्ये ४२. बावीस वर्षांत दुपटीहून जास्त. ही काय एकेका माणसाची इच्छाशक्ती खचल्याची गोष्ट आहे? माणसं रातोरात आळशी होत नाहीत. कामं बदलली, रस्ते बदलले, दारात गाडी आली, मैदानांवर इमारती आल्या.

बसण्याने किती बिघडतं आणि कशाने भरून निघतं, याचंही उत्तर आहे. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा : रोज आठ तासांपेक्षा जास्त बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका पुसायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल लागते. मानेवाड्याचा मुलगा जिमच्या जोरावर त्या कडेला कसाबसा टेकलाय. जिमला पैसे नसलेला, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास करणारा त्याचा वर्गमित्र टेकू शकत नाही. दुसरा एक छोटा प्रयोग मला जास्त आशेचा वाटतो. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं नुसतं चाललं तरी जेवणानंतरची रक्तातली साखर लक्षणीय खाली राहते, असं २०१२ मध्ये दिसून आलं. यासाठी मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, घाम येत नाही, मुलींना कपडे बदलायला खोली लागत नाही. लागते ती उभं राहण्याची परवानगी.

आणि ती परवानगी आमच्या हातात आहे. महाविद्यालयात हालचालीची मोजणी होत नाही, असं मी वर सुचवलं, ते अर्धवट होतं. एक गोष्ट आम्ही फार काटेकोर मोजतो. ७५ टक्के हजेरी. हजेरी म्हणजे काय, तर मूल अमुक इतके तास बाकावर बसलं होतं याची सही-शिक्क्यानिशी नोंद. ती कमी पडली तर परीक्षेला बसण्यावर गदा येते, घरी फोन जातो. मुलाचं बसणं आम्ही सक्तीचं करतो, त्याची नोंद ठेवतो, आणि मग वर्षातून एकदा त्यालाच विचारतो, व्यायाम करतोस का? 'मुलं सज्ञान आहेत, त्यांनी आपली तब्येत आपण बघावी' असं माझे काही सहकारी म्हणतात. संध्याकाळचे तास त्यांचे आहेत, हे मान्य. सकाळी दहा ते चार हे तास आमचे आहेत. त्याचं वेळापत्रक आम्ही बनवतो. लागोपाठ तीन तास एकाच खोलीत लावायचे की मधल्या तासाला इमारत बदलायची, हे आम्ही ठरवतो.

म्हणून माझ्या मोजणीत निम्मे प्रश्न महाविद्यालयाने स्वतःला विचारायचे आहेत. सलग बसण्याचा सगळ्यात मोठा पट्टा किती मिनिटांचा? मैदान आठवड्यात किती तास उघडं, आणि त्यातले किती तास संघाबाहेरच्या मुलांना? किल्ली कुणाकडे असते? मुलींना कपडे बदलायला जागा आहे का, संध्याकाळी मैदानावर दिवा आहे का? मेट्रो किंवा बसच्या थांब्यापासून फाटकापर्यंत धड चालता येईल असा फुटपाथ आहे का? मला माहीत असलेल्या एका महाविद्यालयात व्हॉलीबॉलचे दोन खांब आहेत, अजूनही भक्कम. त्यांना दोरी बांधून अलीकडे शिक्षकांच्या गाड्या आणि पलीकडे मुलांच्या गाड्या अशी पार्किंगची विभागणी केलेली आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती यायच्या आठवड्यात दोरी सोडली, जाळी बांधली, चुन्याच्या रेषा मारल्या. समिती गेल्यावर पुन्हा दोरी. कागदावर त्या महाविद्यालयाला क्रीडांगण आहे. तिथल्या मुलांनी 'नाही' वर खूण केली तर ती खूण कुणाच्या खात्यावर लिहायची?

क्रीडा विभागातले मित्र रागावतात. "मोजत काय बसता, पोरं मैदानावर सोडा," म्हणतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पहाटे साडेपाचला रविनगरच्या मैदानावर उभे राहणारे तेच आहेत. पण आज त्यांच्याकडे मोजलं जातं ते काय? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत किती पदकं. त्यासाठी पंधरा-वीस मुलं निवडली जातात, किट, प्रवासभत्ता, सरावाची वेळ सगळं त्यांना. उरलेल्यांचा हिशेबच नसल्यामुळे त्यांच्यासाठी पैसे मागायला हातात कागद नसतो. माझी मोजणी त्यांच्याच बाजूची आहे. विदर्भाला शारीरिक शिक्षण काही परकं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथल्या मुलांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला करून दाखवले. त्या परंपरेचा अभिमान बाळगायचा तर ती निवडलेल्यांपुरती ठेवता येणार नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने शंभरी पार केली आहे, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. विद्यापीठाने एक पानाचा, मराठी आणि हिंदीतला, बिननावाचा फॉर्म ठरवावा. नाव नको, वजन नको, फोनमधली माहिती नको. तरुण मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा कुठल्या ॲपमध्ये साठून राहाव्यात, हे मला तरी मान्य नाही. वर्षातून दोनदा भरून घ्यावा. मागच्या बाजूला महाविद्यालयाचे प्रश्न असावेत, त्यावर प्राचार्यांची सही. आणि निकाल महाविद्यालयनिहाय जाहीर व्हावा. मुलांची ओळख झाकलेली राहील, महाविद्यालयाची उघडी. माहिती गोळा करून कपाटात ठेवणं हे मुलांच्या वेळेचा अपमान करण्यासारखं आहे, आणि आम्ही तो दरवर्षी करतो.

या सत्रापासून माझ्या तासाला मी एक गोष्ट सुरू केली. निम्मा तास झाला की दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, जमेल तेवढं हिंडायचं. पहिल्याच दिवशी कडेची मुलं पटकन उठली, मधली अर्धवट उठून तशीच गुडघे वाकवून, बाकाला हात टेकवून उभी. मला वाटलं लाजताहेत. "सर, सरळ उभंच नाही राहता येत इथं," कन्हानची मुलगी म्हणाली. आमचे बाक टेबलाला लोखंडी नळीने जोडलेले आहेत, एका बाकावर पाच जण. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. बाकाची पुढची कड आणि टेबलाची कड यांच्यात अकरा सेंटीमीटर अंतर आहे. मधल्या मुलीला सरळ उभं राहायचं तर आधी शेजारच्या दोघींनी बाहेर निघावं लागतं. तळमजल्याच्या तीन वर्गांसाठी नवीन बाक घ्यायचं ठरलंय. ते अकरा सेंटीमीटर मी आकृतीसकट अर्जात लिहून खरेदी समितीकडे दिले आहेत, सोबत वर्गातल्या मुलांच्या सह्या. बैठक पुढच्या महिन्यात आहे.